केडब्ल्यूआर्ग्जची सोय आणि तिची किंमत

पायथन शिकणाऱ्या संशोधकांच्या कोडमध्ये एक सवय हमखास दिसते. क्लास इन्हेरिट करायचा, पण पालक क्लासला कोणती आर्ग्युमेंट्स लागतात ते बघायचा कंटाळा येतो. मग मेथडच्या कंसात दोन तारे लावून केडब्ल्यूआर्ग्ज लिहायचं, म्हणजे नावासकट कितीही आर्ग्युमेंट्स चालतात, आणि सगळं सुपरकडे ढकलायचं. मीही हेच करायचो.

यात बिघडतं काय? ताडोब्यातल्या कॅमेरा ट्रॅपचं उदाहरण घेऊ. वाघ कॅमेऱ्यासमोर रेंगाळला की दहा फोटो येतात, पण त्या दहा नोंदी नव्हेत. म्हणून एका जागी, एकाच प्रजातीचे ठरावीक वेळेतले फोटो मिळून एक नोंद धरतात. बऱ्याच अभ्यासांत ही वेळ ३० मिनिटं असते. समजा, पालक क्लासमध्ये 'मिनिटे' हे आर्ग्युमेंट आहे, डिफॉल्ट ३०. तुम्हाला ६० हवेत, पण घाईत नाव 'मिनिट' लिहिलं. पालक क्लास केडब्ल्यूआर्ग्ज घेऊन नुसतं टाकून देत असेल, तर एरर येतच नाही. हिशोब ३० नेच होतो, नोंदी फुगू शकतात, आणि आलेख मात्र छान दिसतो!

रेमंड हेटिंगर यांनी २०११ च्या लेखात सुपर वापरायची शिस्त सांगितली आहे : प्रत्येक क्लासने आपली आर्ग्युमेंट्स नावाने काढून घ्यावीत, उरलेली पुढे द्यावीत. कन्स्ट्रक्टरच्या साखळीत शेवटी 'ऑब्जेक्ट' असतो. तो जास्तीचं काही स्वीकारत नाही, त्यामुळे चुकलेलं 'मिनिट' तिथे टाइपएरर होऊन पकडलं जातं. एकाहून जास्त पालक असतील तेव्हा ही शिस्त लागतेच, कारण पुढचा क्लास कोणता येईल हे आपल्या क्लासला माहीत नसतं.

पण एकच पालक असताना ती वापरणं मला पटत नाही. मेथडची पहिली ओळ वाचून काय द्यायचं ते कळत नाही, वाचणाऱ्याला पार वरपर्यंत चढावं लागतं. प्रबंधाचा कोड दुसऱ्याला तपासता आला पाहिजे ना? मग नावं सरळ लिहा. टायपिंग वाढेल, वाढू द्या.

एक चाचणी आजच करा. आपल्या क्लासला मुद्दाम चुकीच्या नावाचं आर्ग्युमेंट द्या. कोड निमूट चालला, तर त्यातून आलेल्या आकड्यांवर अजून विश्वास ठेवू नका.