उदयोन्मुख तंत्रज्ञान आणि शाळेचा तास : एक चिकित्सा

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 च्या 23व्या प्रकरणात शाळांत येऊ घातलेल्या तंत्रज्ञानाची यादी आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता, मशीन लर्निंग, ब्लॉकचेन, स्मार्ट बोर्ड, हातातील संगणकीय उपकरणे, उत्तरांनुसार बदलत जाणारी चाचणी ही सगळी नावे तेथे एका ओळीत बसवली आहेत. स्मार्ट बोर्ड हा शेवटी फळाच आहे. सगळा वर्ग त्याच्याकडे पाहतो आणि एकच गोष्ट पाहतो. बदलती चाचणी मात्र शेजारीशेजारी बसलेल्या दोन मुलांना दोन वेगळे प्रश्न देते. (ब्लॉकचेनचे चौथीच्या वर्गात काय काम, हे प्रस्तुत लेखकाला अजून उमगलेले नाही.) ‘उदयोन्मुख’ हे विशेषण साधनाचे वय सांगते, वर्गातील त्याचे काम सांगत नाही. म्हणून येथे वेगळा प्रश्न घेऊ : यंत्र आले तेव्हा त्याने कशाची जागा घेतली? भारतातील तीन अभ्यासांत याचे बरेचसे उत्तर सापडते.

पहिला अभ्यास वडोदऱ्याचा. गुजरात सरकारने 2000 साली तेथील सुमारे शंभर महापालिका शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले होते. दोन वर्षांनी ‘प्रथम’ या संस्थेने पाहणी केली तेव्हा फारच थोड्या शाळांत ते वापरात होते. त्यानंतर चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास, एका संगणकावर दोघे, असे गणिताचे खेळ देण्यात आले. यातला एक तास शाळेच्या वेळात आणि दुसरा शाळेच्या आधी किंवा नंतर होता. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडन यांच्या 2007 च्या निबंधानुसार दुसऱ्या वर्षी गणितातील वाढ 0.47 प्रमाण विचलन इतकी होती. हा आकडा असा समजून घ्यावा : शंभर मुलांच्या रांगेत मधोमध उभे असलेले मूल साधारण अठरा जागा पुढे सरकले. कार्यक्रम संपून वर्ष झाल्यावर मात्र यातील बराचसा फायदा ओसरला होता. पाठ्यपुस्तके या प्रयोगाचा उल्लेख करतात तेव्हा हा उत्तरार्ध बहुधा गाळतात.

दुसरा अभ्यासही गुजरातचाच, आणि माझ्या मते तिघांत सर्वांत महत्त्वाचा. ‘ज्ञानशाला’ ही संस्था गरीब वस्त्यांतील मुलांसाठी कमी खर्चाच्या शाळा चालवते. तेथील अध्यापन आधीपासूनच नीट आखलेले होते. लिंडन यांनी तेथे संगणक दोन प्रकारे वापरून पाहिले. काही ठिकाणी नेहमीच्या अध्यापनाचा काही वेळ काढून घेऊन तो संगणकाला दिला, तर काही ठिकाणी शाळेच्या वेळेबाहेर जादा वेळ दिला. जादा वेळेत मुलांची गणितातील कामगिरी 0.28 ने सुधारली. शाळेच्या वेळात मात्र ती 0.57 ने घसरली, म्हणजे रांगेच्या मध्यावरचे मूल वीसपेक्षा अधिक जागा मागे गेले. येथे संगणकाने रिकाम्या वेळाची जागा घेतली नव्हती; चांगल्या शिकवण्याची घेतली होती. ‘तंत्रज्ञानाने शिक्षण सुधारते का?’ हा प्रश्नच किती अपुरा आहे, हे या एका तुलनेतून दिसते.

तिसरा अभ्यास दिल्लीचा. कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि अलेहांद्रो गॅनिमियन यांचा हा निबंध 2019 साली प्रसिद्ध झाला. ‘माइंडस्पार्क’ हे सॉफ्टवेअर मुलाच्या उत्तरांवरून त्याची प्रत्यक्ष पातळी ओळखते आणि तेथून पुढे नेते. सोडतीने निवडलेल्या मुलांना शाळेच्या वेळेबाहेर केंद्रात हा कार्यक्रम मिळाला. अभ्यासातील सहावीचे सरासरी मूल गणितात सुमारे अडीच इयत्ता मागे होते आणि नववीचे सुमारे साडेचार. साडेचार महिन्यांत गणितात 0.37 आणि हिंदीत 0.23 इतकी वाढ झाली. तरीही शाळेच्या स्वतःच्या परीक्षेत हिंदीचे गुण वाढले, गणिताचे लक्षणीयरीत्या वाढले नाहीत. याचे कारण समजण्यासारखे आहे. तिसरीच्या पातळीवरून चौथीच्या पातळीवर आलेले मूल सातवीच्या प्रश्नपत्रिकेपुढे बसले, तर त्याची प्रगती त्या कागदावर उमटणार कुठे?

दिल्लीच्या निष्कर्षावर एक आक्षेप घ्यायलाच हवा. रोजच्या नव्वद मिनिटांपैकी पंचेचाळीस मिनिटेच सॉफ्टवेअरची होती. उरलेली पंचेचाळीस मिनिटे एक साहाय्यक छोट्या गटाला शिकवत असे. तेव्हा श्रेय किती यंत्राचे, किती माणसाचे आणि किती केवळ वाढलेल्या वेळेचे, हे त्या एका आकड्यातून वेगळे काढता येत नाही. जाहिराती ते सगळे श्रेय यंत्राला देऊन टाकतात.

आता 2017 साली सुरू झालेला ‘दीक्षा’ मंच पाहा. अनेक राज्यांच्या पाठ्यपुस्तकांत धड्यापाशी क्यूआर कोड छापलेला असतो. तो स्कॅन केला की त्याच धड्याचा व्हिडिओ किंवा सराव उघडतो. शिक्षकाला याचा उपयोग आहे, घरी उजळणी करणाऱ्या मुलालाही आहे, आणि अनेक भारतीय भाषांत साहित्य मोफत मिळते ही लहान गोष्ट नव्हे. पण हा कोड पुस्तकाच्या पानाला बांधलेला आहे. तो कोणत्या मुलाने स्कॅन केला, त्याला वजाबाकी येते की नाही, याची पानाला कल्पना नसते. सहावीच्या पुस्तकावरून तिसरीच्या पातळीच्या मुलालाही अपूर्णांकांचाच व्हिडिओ मिळतो. धोरणाच्या त्या यादीत हा कोड बदलत्या चाचणीजवळ बसत नाही, स्मार्ट बोर्डाच्या शेजारी बसतो.