सेवकाची साक्ष : ‘मेरा साहब’ या लेखाची चिकित्सा

लोअर परळ व लालबाग येथील गिरण्यांचा इतिहास केवळ मालकांच्या दप्तरावरून लिहिण्याचा प्रघात आतां मागें पडला आहे. मीना मेनन व नीरा आडारकर यांनीं गिरणगांवांतील माणसांच्या तोंडच्या हकीकती जमवून २००४ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. कामगाराची आठवण हें इतिहासाचें साधन आहे, हें त्या ग्रंथानें ठसठशीतपणें दाखविलें. मात्र त्याच मुंबईंत धनिकांच्या बंगल्यांतून राबलेल्या गडीमाणसांच्या साक्षी अशा रीतीनें क्वचितच गोळा झाल्या. म्हणून जी एक साक्ष छापून आलेली आहे, तिची चिकित्सा येथें करावयाची आहे.

सआदत हसन मंटो यांचा ‘मेरा साहब’ हा उर्दू लेख त्यांच्या ‘गंजे फ़रिश्ते’ या १९५२ सालच्या संग्रहांत आहे. बॅरिस्टर महमदअली जीना यांच्या मलबार टेकडीवरील घरीं मोटारचालक म्हणून राहिलेल्या महंमद हनीफ आझाद याची ती हकीकत असून तिचा आरंभ १९३७ सालचा आहे.

ही साक्ष दोन हातांतून आलेली आहे. आझाद हा इंपीरियल फिल्म कंपनींत नट होऊं पाहणारा तरुण होता. मंटो यांनीं त्याच कंपनीच्या ‘किसान कन्या’ (१९३७) या बोलपटाचें लेखन केलें होतें. प्रसंग रंगवून सांगणें हा दोघांचाही व्यवसाय. शिवाय ११ सप्टेंबर १९४८ रोजीं जीना वारले व त्यानंतर हा संग्रह निघाला. एवढ्या अवधींत आठवणीवर भक्तीचा रंग चढणें स्वाभाविक होय. यास्तव दृष्ट, श्रुत व तर्क असे तीन भाग पाडल्यावांचून या लेखाचा उपयोग करतां येत नाहीं.

जीनांचे नोकर धट्टेकट्टे व देखणे असत, हें आझादानें पाहिलेलें आहे. कृश देहाच्या धन्यास अशी माणसें भोंवतीं असावींशीं वाटत, हा तर्क आहे. बिलियर्ड खेळतांना ते चेंडूचा सर्व बाजूंनीं अंदाज घेऊन मगच काठी चालवीत, हें दृष्ट. त्यांत त्यांच्या राजकारणाचें प्रतिबिंब पाहणें हा पश्चात्बुद्धीचा अलंकार. रतनबाई २० फेब्रुवारी १९२९ रोजीं निवर्तल्या. सुमारें आठ वर्षांनीं आलेल्या सेवकास त्यांच्या संसाराविषयीं जें ठाऊक, तें ऐकीवच असणार. दिवंगत पत्नीचे व लग्न होऊन गेलेल्या कन्येचे कपडे जीना पेटींतून काढवून पाहत, ही लेखांतील प्रसिद्ध हकीकत काळाच्या कसोटीस उतरते. कारण कन्येचें लग्न १९३८ मधलें आहे. तरी दुसरी साक्ष मिळेपर्यंत ती एकट्या साक्षीदाराची म्हणूनच वापरावी.

सर्वांत विश्वसनीय भाग निराळाच आहे. मोटार हाकण्याचें आपलें ज्ञान बेताचेंच होतें, तरीही आपणांस ठेवून घेतलें, असें आझाद सांगतो. स्वतःकडे कमीपणा घेणारें विधान मनुष्य सहसा बनवून सांगत नाहीं. आणि येथेंच धन्यापेक्षां सेवकाची स्थिति अधिक उघड होते. कामाची पारख होण्यापूर्वीं देहाची पारख झाली. बंगल्याच्या शोभेस साजेल असा मनुष्य निवडला गेला. नट होण्याची उमेद घेऊन मुंबईंत वावरणाऱ्या तरुणाला पहिली मोठी भूमिका मिळाली ती साहेबाच्या सेवकाची, आणि तीही रूपावरच.

वाचकांचें लक्ष मात्र पेटी व बिलियर्डचें मेज यांकडेच जातें. ज्याच्या डोळ्यांनीं आपण हें पाहतों, तो खिडकीच्या कांचेप्रमाणें अदृश्य राहतो. लेखाचें नांवही ‘साहेबा’चेंच आहे. सेवकाचें वेतन, निजण्याची जागा, रजा, आजारपण, नोकरी सुटल्यावरचे दिवस हे प्रश्न आझादास विचारले गेले असते, तर हीच साक्ष दुप्पट मोलाची ठरती. ज्या घरांतून अशीं माणसें अद्याप हयात आहेत, तेथें हे प्रश्न संशोधकांनीं वेळींच विचारावे.

सारांश, जीनांच्या चरित्राला हा लेख दुय्यम साधन म्हणून जपून वापरावा. मुंबईंतील घरनोकरांच्या इतिहासास मात्र तो, त्रोटक असला तरी, अव्वल दर्जाचा कागद आहे.