नक्कल जिथे अडते : गिटारवादनातील कान आणि स्वतःचा सूर

गिटारच्या दांडीवर आडव्या रोवलेल्या धातूच्या पट्ट्यांना फ्रेट म्हणतात. सतारीच्या परिभाषेत त्यांना पडदे म्हटले जाईल. या रचनेमुळे गिटारवर एकच स्वर अनेक ठिकाणी सापडतो. पहिली तार खुली छेडल्यावर जो ई हा स्वर ऐकू येतो, तोच त्याच उंचीचा स्वर दुसऱ्या तारेवर पाचव्या, तिसरीवर नवव्या, चौथीवर चौदाव्या आणि पाचवीवर एकोणिसाव्या फ्रेटवर मिळतो; मात्र बारीक तारेवर तो लखलखीत वाजतो आणि जाड तारेवर घुमारेदार व काहीसा झाकोळलेला. पियानोवर या स्वराला एकच पट्टी असते. गिटारवादकाला मात्र कोणता स्वर वाजवायचा हे ठरल्यावरही तो कोठे वाजवायचा, घोडीजवळ छेडून टोकदार करायचा की मध्यावर छेडून गोलसर, तो थेट लावायचा की खालून ओढत आणायचा आणि नेमका केव्हा सोडून द्यायचा, असे निर्णय क्षणोक्षणी घ्यावे लागतात. एखाद्या वादकाचे हे निर्णय वर्षानुवर्षे एका विशिष्ट कलाने होत गेले की दोन स्वरांत तो ओळखू येऊ लागतो, आणि त्यालाच त्याचा स्वतःचा आवाज असे म्हणतात. बोटे या निर्णयांची केवळ अंमलबजावणी करतात; निवड कान करतो.

अडचण अशी की हे वाद्य कानाशिवायही शिकता येते. व्हायोलिनवर बोट केसभर सरकले तरी सूर ढळतो, म्हणून व्हायोलिन शिकणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ऐकावेच लागते. गिटारवर फ्रेटच्या मागे कोठेही बोट दाबले तरी स्वर जागेवरच लागतो. शिवाय एखादा आकृतिबंध बोटांनी एकदा पाठ केला की तोच दोन फ्रेट वर सरकवून दुसऱ्या पट्टीत वाजवता येतो आणि त्यासाठी स्वरांची नावेही ठाऊक असावी लागत नाहीत. टॅब या लेखनपद्धतीने ही सोय पूर्णत्वाला नेली. टॅब म्हणजे सहा तारांसाठी सहा रेघा आणि त्यांवर फ्रेटचे आकडे. स्वर कोणता हे ती सांगत नाही, बोट कोठे ठेवायचे एवढेच सांगते. पद्धत जुनी आहे, लुईस मिलान या स्पॅनिश वादकाने १५३६ साली विहुएला या गिटारसदृश वाद्यासाठी प्रसिद्ध केलेला ग्रंथ अशाच लिपीत आहे. पण त्या काळच्या वाचकाला त्या संगीताचे वळण आसपासच्या गाण्यातून आधीच कानी पडलेले असे. आजचा शिकाऊ वादक पुष्कळदा आकडे आधी पाहतो आणि गाणे नंतर ऐकतो.

फ्रेटने सूर जागेवर लागतो हे विधानही तपासून घ्यायला हवे. सप्तकाचे बाराशे समान भाग कल्पिले तर त्यांतील एका भागाला सेंट म्हणतात, आणि गिटारचे फ्रेट शंभर शंभर सेंटांच्या अंतरावर बसवलेले असतात. तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप ऐकू येणारा गंधार षड्जापासून सुमारे ३८६ सेंटांवर असतो, तर गिटारचा ४०० वर. तिसरी आणि दुसरी तार यांच्यात नेमके हेच गंधाराचे अंतर असते. इतर लगतच्या तारांमध्ये मध्यमाचे. म्हणून ज्याचा कान तंबोऱ्यावर पोसलेला आहे असा माणूस या दोन तारा मनापासून गोड मिळवतो, आणि दुसरी कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी वाजणारा स्वरसमूह, धरताच वाद्य बेसूर बोलू लागते. बरा कान असणाराच येथे आधी फसतो, ही या वाद्याची गंमत म्हणावी लागेल. गिटारसाठी घडलेल्या कानाला ही तडजोड ओळखावी लागते आणि तार किंचित ओढून किंवा बोटाच्या कंपनाने ती प्रत्येक स्वरागणिक दुरुस्त करावी लागते. ही दुरुस्ती कोणत्याही टॅबमध्ये लिहिलेली नसते.

स्वतःचा आवाज कसा घडतो याचा सर्वांत बोलका पुरावा जॅझ आणि ब्लूजच्या इतिहासात मिळतो. चार्ली ख्रिश्चन १९३९ साली बेनी गुडमनच्या वाद्यवृंदात आला आणि १९४२ मध्ये वयाच्या पंचविसाव्या वर्षी वारला. तेवढ्या अवधीत त्याने विजेच्या गिटारला सॅक्सोफोनसारखी लांब, श्वास घेत चालणारी वाक्ये बोलायला शिकवले. इंडियानापोलिसच्या वेस माँटगोमेरीने विशीच्या सुमारास त्याच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्यांतील एकलवादन जसेच्या तसे उतरवले. त्याला स्वरलिपी वाचता येत नव्हती. आवाजाचा शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून तो पिकऐवजी, म्हणजे तार छेडण्याच्या पत्तीऐवजी, अंगठ्याने वाजवू लागला असे सांगितले जाते. अंगठ्याला पिकसारखा धारदार आघात साधत नाही, म्हणून नक्कल तिथे अडली, आणि त्या मऊ आघातावर एकच स्वर दोन सप्तकांत एकत्र वाजवण्याची त्याची शैली उभी राहिली. बी. बी. किंगचे उदाहरण याहून सरळ आहे. त्याला आपला नातलग बुक्का व्हाइट याच्यासारखे तारेवरून नळी घसरवून वाजवायचे होते. ते जमेना, म्हणून त्याने तोच थरथरता, गळ्यातून आल्यासारखा सूर नुसत्या बोटाच्या कंपनाने काढायचा प्रयत्न केला, आणि ते कंपनच पुढे त्याची सही ठरले. जँगो राइनहार्टच्या डाव्या हाताची दोन बोटे १९२८ सालच्या आगीत निकामी झाली आणि उरलेल्या दोन बोटांनी त्याची वाक्यरचना ठरवली.

या उदाहरणांवरून न्यूनातून शैली जन्मते असा सोपा सिद्धान्त मांडण्याचा मोह होतो, पण तो अपुरा आहे, कारण न्यून तर बहुतेकांत असते. नक्कल अडली तरी कानाने आपली मागणी खाली आणली नाही, हे या तिघांतील समान सूत्र आहे. हात पोचत नाही हे कळल्यावर सामान्य वादक मागणी सोडतो. हे लोक वाट बदलतात. मराठी रसिकाला यासाठी दूर जायचेही कारण नाही. लहानपणी नामवंत गायकांच्या ध्वनिमुद्रिकांची हुबेहूब नक्कल करून थक्क करणाऱ्या कुमार गंधर्वांना क्षयाने देवासला वर्षानुवर्षे गाण्यापासून दूर ठेवले, आणि त्या काळात माळव्याची लोकगीते ऐकत राहिलेल्या त्यांच्या कानाने पुढे दुबळ्या फुप्फुसाला पेलतील अशा छोट्या, झेपावणाऱ्या स्वरवाक्यांतून गायकी नव्याने रचली. नकलेची तयारी आणि स्वतःची वाणी यांत विरोध नाही, हे त्यांच्याइतके कोणी स्पष्ट केलेले नाही.

भारतीय गिटारकडे या दृष्टीने पाहिले तर एक विषम चित्र दिसते. आपल्याकडे वाद्यविक्रेते अजूनही ‘हवाईयन’ आणि ‘स्पॅनिश’ असे दोन प्रकार सांगतात. पहिल्यात वाद्य आडवे ठेवून तारांवरून पोलादी कांब सरकवतात, दुसऱ्यात बोटांनी तारा फ्रेटवर दाबतात. अस्सल, ओळखू येणारे आवाज प्रामुख्याने पहिल्या प्रकारात निर्माण झाले. जोधपूरच्या ब्रिजभूषण काबरांसमोर रागसंगीतासाठी गिटारचा कित्ता जवळजवळ नव्हताच. कानात होता तो गुरू अली अकबर खाँ यांचा सरोद. कांबीखाली मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणे, सहज येते, पण सरोदचे तुटक, वेगवान बोल निघणे फार कठीण. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये ऐकू येणारा त्यांचा संथ, भरीव सूर या ओढाताणीतून आलेला आहे. त्यांचे शिष्य देबाशिष भट्टाचार्य आणि मोहनवीणेचे विश्वमोहन भट्ट यांनी वेगाचा प्रश्न आपापल्या परीने सोडवला. या परंपरेच्या यशाचे कारण उघड आहे: कांब फ्रेटच्या आधाराशिवाय तारेवर तरंगते, त्यामुळे कान नसेल तर पहिला स्वरसुद्धा लागत नाही.

फ्रेटच्या गिटारवर असे आवाज तुरळक आहेत. मुंबईत १९३६ साली जन्मलेले गोमंतकीय अमान्सियो डिसिल्वा यांचे नाव येथे आधी घ्यायला हवे. लंडनला गेल्यावर १९६९ साली निघालेल्या ‘इंटिग्रेशन’ आणि सॅक्सोफोनवादक जो हॅरियटसोबतच्या ‘हम दोनो’ या संग्रहांत, विशेषतः ‘बॅलड फॉर गोवा’ या रचनेत, त्यांची गिटार जॅझच्या कॉर्डांत राहूनही एकेका स्वराभोवती अशी घोटाळते की ती कोठून आली हे सांगावे लागत नाही. त्यांच्याविषयी मराठीत जवळजवळ काही लिहिले गेलेले नाही, ही आपल्या संगीतसमीक्षेची उणीव आहे. गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिनने शक्ती या वाद्यवृंदासाठी फ्रेटांमधले लाकूड कोरून खोल केलेली आणि आडव्या जादा तारा बसवलेली गिटार बनवून घेतली, म्हणजे त्यानेही वाद्यच बदलले. कर्नाटक संगीत वाजवणारे आर. प्रसन्ना मात्र साध्या विजेच्या गिटारवर गमक काढतात.

गोव्याच्या चर्चच्या शाळांत मुले व्हायोलिन हाती घेण्याआधी स्वरलिपी गाऊन शिकत, आणि तेथून आलेल्या वादकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद उभे केले. त्या जगात गिटारला जागा मिळाली, नाव क्वचितच मिळाले. ‘दम मारो दम’ची १९७१ ची गिटार गुणगुणणाऱ्यांपैकी ती भूपिंदर सिंग यांनी वाजवली हे किती जणांना ठाऊक असते? वादकाची ओळखच श्रोत्याला नको असेल तर त्याने ती कमवावी कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे.

आजची स्थिती वेगळी आहे: नक्कल आता अडतच नाही. पूर्वी तबकडी ३३ ऐवजी १६ च्या गतीवर फिरवली की लय निम्मी होई, पण सूरही एक सप्तक खाली उतरे, आणि त्या घोगऱ्या आवाजातून स्वर शोधून काढावे लागत. त्या शोधात चुका होत आणि चुकांतून वळणे सापडत. आता संगणक सूर न बदलता गती कमी करतो, चित्रफितीत बोटे दिसतात, आकडे पडद्यावर धावतात. पुण्या-मुंबईतल्या तरुणांचे हात म्हणूनच मागच्या पिढीला लाजवतील इतके सफाईदार आहेत, आणि डोळे मिटून ऐकले तर त्यांतला कोण कोणता हे सांगणे अवघड आहे. परीक्षापद्धतीही हाताच्याच बाजूने झुकलेली आहे; एबीआरएसएम या ब्रिटिश मंडळाच्या पारंपरिक श्रेणी परीक्षेत १५० पैकी १८ गुण कानाच्या चाचणीला आहेत. यावर उतारा म्हणून रॉकच्या साथीवर एखाद्या रागाचे स्वर वाजवून ‘भारतीय आवाज’ सापडल्याचा जो दावा केला जातो, तो मान्य करता येत नाही. भैरवचे स्वर कोणालाही उचलता येतात. भैरवचा ऋषभ कसा आंदोलित होतो, धैवतावर किती रेंगाळायचे, हे उच्चाराचे प्रश्न आहेत. मदरजेन या केरळी रॉक वाद्यवृंदातून पुढे आलेल्या बैजू धर्मजन यांच्या वादनात ते निदान विचारले गेलेले दिसतात.

गिटार शिकवणाऱ्यांनी म्हणून एवढे करून पाहावे: पहिले सहा महिने टॅब बंद ठेवावी, प्रत्येक ओळ विद्यार्थ्याकडून आधी गाऊन घ्यावी, आणि मग ती एकाच तारेवर, आकृतिबंधाचा आधार न देता, त्याची त्याला शोधू द्यावी. त्यात तो चुकला तर लगेच दुरुस्त करू नये.