ख्रिस्तपटांतील इतिहास आणि हिंसादर्शन

येशू ख्रिस्ताच्या चरित्रावरील चित्रपटांत हिंसेचे जे दर्शन घडते, त्याचे समर्थन बहुधा इतिहासाच्या आधारे केले जाते. रोमन देहदंड क्रूर होता. म्हणून तो क्रूरच दाखविला पाहिजे, असा हा युक्तिवाद होय. त्यात तथ्य नाही असे नाही. क्रूसावरील मृत्यू ही गुलामांना व बंडखोरांना जाहीरपणे दिली जाणारी शिक्षा होती, आणि तिचे सोज्ज्वळ चित्रण तिच्यामागील दहशतीचा विसर पाडते. परंतु क्रौर्याचे प्रमाण वाढल्याने इतिहासाचे प्रामाण्यही वाढते काय, हा प्रश्न वेगळा आहे.

मेल गिब्सन ह्यांच्या ‘द पॅशन ऑफ द ख्राइस्ट’ (२००४) ह्या पटाच्या संदर्भात तो विशेष तीव्रतेने उपस्थित होतो. पात्रांच्या तोंडी अरामी, हिब्रू व लॅटिन भाषा घालून ह्या पटाने यथार्थतेचा आभास निर्माण केला. वस्तुतः रोमन साम्राज्याच्या पूर्वेकडील प्रांतांत व्यवहाराची सामान्य भाषा ग्रीक होती. तिलाच येथे स्थान नाही. दोघे चोर केवळ आडवा वासा वाहतात, तर येशू संपूर्ण क्रूस वाहतो. म्हणजे एकाच दृश्यात पुरातत्त्व आणि चित्रपरंपरा शेजारी नांदतात. फटक्यांचा प्रसंग कित्येक मिनिटे चालतो; मत्तय व मार्क ह्यांच्या मूळ ग्रीक संहितेत मात्र तो एका धातुसाधितात आटोपला आहे. पिलाताची पत्नी मरियेला वस्त्रे देते, हा प्रसंग तर शुभवर्तमानांत नाहीच. तो ॲन कॅथरीन एमेरिक ह्या जोगिणीच्या दृष्टान्तांवरून ब्रेंटानो ह्यांनी १८३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातून आला आहे.

भक्तिपरंपरेचा असा स्वीकार कलावंताला निषिद्ध नाही. आक्षेप आहे तो त्यावर इतिहासाची मुद्रा उमटविण्याला. कारण त्याच मुद्रेखाली पिलात हळवा व संभ्रमित ठरतो, आणि दोषाचा भार यहुदी पुरोहितांवर व जमावावर पडतो. फायलो व जोसीफस ह्यांनी रेखाटलेला पिलात कठोर आहे. यहुद्यांवर सरसकट दोषारोप करता येत नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये स्पष्ट केले होते. अशा स्थितीत रक्ताचा प्रत्येक थेंब प्रेक्षकाला पुराव्यासारखा भासतो आणि त्या पुराव्याच्या बळावर निवाडाही खरा वाटू लागतो.

पाझोलिनी ह्यांचा मत्तयाच्या शुभवर्तमानावरील पट (१९६४) ह्याच्या उलट मार्गाने जातो. दक्षिण इटलीतील मातेरा गाव, अव्यावसायिक नट, बाख ह्यांच्या संगीताशेजारी काँगोतील मिस्सा : ह्यांत ऐतिहासिक यथार्थतेचा दावा कोठेच नाही. मात्र संवाद मत्तयाचेच आहेत. न्यायनिवाड्याचा प्रसंग गर्दीच्या डोक्यांवरून, दुरून दिसतो. त्यामुळे प्रेक्षक साक्षीदार होतो, पण सर्वज्ञ होत नाही. दुरून पाहणाऱ्याच्या ज्ञानाची मर्यादा हा पट लपवीत नाही.

रसविचाराच्या भाषेत सांगावयाचे तर गिब्सनच्या पटात बीभत्साने करुणाला ग्रासले आहे. ज्याचे दुःख पाहावयाचे, त्याची शिकवण पुसट स्मृतींपुरतीच उरल्याने आलंबन क्षीण झाले आणि उद्दीपन मात्र अनावर झाले. पाझोलिनींचा ख्रिस्त प्रथम बोलतो, मग मरतो. म्हणून त्याच्या मृत्यूला अर्थ येतो. तेव्हा अशा पटांचे परीक्षण करताना किती रक्त दाखविले ह्यापेक्षा ते कोणत्या विधानाचा पुरावा म्हणून वापरले, हे तपासणे अधिक आवश्यक ठरते.