सीझरची हरिणी : टॉमस वायटचा एक अनुवाद

सर टॉमस वायट (१५०३–१५४२) याचे नाव ‘इटालियन सुनीत इंग्रजीत आणणारा कवी’ एवढ्यावर उरकले जाते. त्याने केलेले पेट्रार्कच्या प्रेमसुनीतांचे अनुवाद मात्र एवढ्या वर्णनात मावत नाहीत.

वायट हा आठव्या हेन्रीच्या दरबारातील मुत्सद्दी. १५२७ साली राजकीय कामगिरीवर तो इटलीस गेला, पुढे स्पेनमध्ये राजदूत झाला. १५३६ च्या मे महिन्यात राणी ॲन बोलीनचे पतन झाले तेव्हा तोही लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत पडला. सुटला, आणि १५४१ साली पुन्हा तेथेच पोहोचला.

पेट्रार्कच्या काव्यसंग्रहातील १९० वे सुनीत त्याने अनुवादासाठी घेतले. मूळ कवितेत सूर्योदयसमयी, दोन नद्यांच्या मध्ये, सोनेरी शिंगांची शुभ्र हरिणी दिसते. तिला कोणी स्पर्श करू नये, तिच्या सीझरने तिला मुक्त केले आहे, असे तिच्या गळ्यात रत्नाक्षरांनी लिहिलेले असते. पाहता पाहता कवी पाण्यात पडतो, हरिणी नाहीशी होते. तो एक साक्षात्कारच होय.

वायटने नद्या, सकाळ, सावली सारे वगळले. उरला तो एक दमलेला शिकारी, घोळक्यात सर्वांत मागे पडलेला. ज्यांना हौस असेल त्यांनी खुशाल जावे, पण हे जाळ्यात वारा धरण्यासारखे आहे, असे तो इतरांस बजावतो. गळ्यातील मजकूरही बदलतो. पेट्रार्कची हरिणी सीझरमुळे मुक्त आहे; वायटची हरिणी सीझरच्या मालकीची आहे. शिवाय ती माणसाळलेली भासली तरी हाती धरण्यास रानटीच. शेवटच्या दोन ओळींचे यमक जुळवण्याची वायटची पद्धत असल्याने हा घाव नेमका तेथे बसतो.

याला मूलद्रोह म्हणावे काय? मला तसे वाटत नाही. वरिष्ठांच्या मर्जीवर ज्यांची नोकरी चालली, त्यांना या बदलाचे मर्म सांगावे लागणार नाही! ही हरिणी म्हणजे ॲन बोलीनच, असे अनेक टीकाकार मानतात. त्यास सबळ पुरावा नाही, आणि कवितेला त्याची गरजही नाही. दरबाराची दहशत त्या एका शब्दबदलात पुरेशी उतरली आहे.

१५५७ साली टॉटलने छापलेल्या प्रसिद्ध संग्रहात वायटच्या कितीतरी ओळींची लय घोटून गुळगुळीत करण्यात आली. त्याच्या हस्तलिखितातला खडबडीतपणा मला अधिक खरा वाटतो. दमलेल्या माणसाचा श्वास असाच अडखळतो.