नव्याण्णव बंधूंची कथा आणि पाचवा शिलालेख

बिंदुसाराच्या निधनानंतर पाटलिपुत्राच्या सिंहासनासाठी जो कलह झाला, त्याची कथा 'महावंसा'मुळे सर्वतोमुखी झाली. बिंदुसाराला एकशे एक पुत्र होते. अशोकाने त्यांपैकी नव्याण्णव मारले व सहोदर तिस्स तेवढा राखला, असे हा ग्रंथ सांगतो. 'अशोकावदाना'त ज्येष्ठ बंधू सुमन नसून सुसीम आहे आणि तो निखाऱ्यांच्या खंदकात पडून मरतो. तारानाथाच्या लेखी मारलेले बंधू सहाच!

आमचे अनेक लेखक या कथेला पाचव्या शिलालेखाने उत्तर देतात. अभिषेकाला तेरा वर्षे झाल्यावर नेमलेले धर्ममहामात्र आपल्या भावाबहिणींच्या अंतःपुरांतही काम करतात, असे अशोक तेथे सांगतो. म्हणून हत्येची कथा म्हणजे निव्वळ बनाव, असा निष्कर्ष काढला जातो. आम्हांस तो घाईचा वाटतो. या लेखाने नव्याण्णवाचा आकडा निश्चित ढासळतो. परंतु भावाचे अंतःपुर राहिले म्हणून भाऊही जिवंत राहिला, असे ठरत नाही. शिवाय सत्ता हाती आल्यावर अभिषेकाला चार वर्षे लागली, हे त्याच 'महावंसा'त आहे. निर्वेध वारसाला इतका विलंब का लागावा? वारसा वादग्रस्त होता, रक्तही सांडले असावे, हे मान्य करण्यात आपण संकोच का बाळगावा? बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाची परंपरागत कथासुद्धा तर्काच्या कसोटीवर घासली होती. तीच कसोटी आपल्या आवडत्या सम्राटालाही लागू आहे.

मग आकडा एवढा का फुगला? या ग्रंथांत कलिंगयुद्धाचा उल्लेखच नाही. एक लाख मारले गेले, दीड लाख हद्दपार झाले, ही कबुली तेराव्या शिलालेखात खुद्द अशोकाने दिली आहे. ती भिक्षु-लेखकांपुढे नसावी. चंडाशोकाचा धम्माशोक झाला, हे दाखवण्यास त्यांना क्रौर्य हवे होते. ते त्यांनी राजवाड्यात शोधले, असे आमचे मत आहे.

मात्र कथा समूळ टाकणाऱ्यांच्या हातून आणखी एक गोष्ट निसटते. सुमनाची गर्भवती पत्नी पाटलिपुत्राबाहेर पळाली ती चांडाळांच्या वस्तीत. तेथे वटवृक्षाखाली तिला मुलगा झाला, म्हणून त्याचे नाव निग्रोध. चांडाळांच्या प्रमुखाने तिला स्वामिनी मानून सात वर्षे सांभाळले. सिंहासनावर ज्याचा खरा हक्क, त्या ज्येष्ठ शाखेच्या वारसाला आसरा मिळाला तो अस्पृश्यांच्या दारी! हा प्रसंग इतिहास म्हणून सिद्ध करता येणार नाही. पण ग्रंथकाराला तो लिहावासा वाटला, ही नोंद लहान नव्हे.

पुढे हाच निग्रोध श्रामणेर होऊन राजवाड्यात येतो. योग्य आसनावर बसावे, असे राजा म्हणतो. तेथे दुसरा भिक्षु नसल्याने निग्रोध सरळ सिंहासनाकडे जातो, अशोकाच्याच हाताचा आधार घेऊन श्वेतछत्राखाली बसतो आणि त्याला अप्पमादवग्ग ऐकवतो.