वेल्सचें कालयंत्र आणि परतीची वाट

एच. जी. वेल्स यांची ‘द टाइम मशीन’ ही कादंबरी १८९५ सालीं प्रसिद्ध झाली. ती वाचून संपविणारा वाचक अजूनहि विचारतो कीं, असें यंत्र खरोखर करतां येईल काय? पुष्कळ टीकाकारांना हा प्रश्न पोरकट वाटतो. ग्रंथाचें मर्म एलॉय व मॉर्लॉक यांच्या रूपानें काढलेल्या समाजविषमतेच्या चित्रांत आहे, असें ते म्हणतात. तें खरेंच आहे. तथापि ज्या यंत्रावर सारा डोलारा उभा, त्याची परीक्षाच करूं नये, हें आम्हांस मान्य नाहीं.

निकेल, हस्तिदंत, स्फटिक, बसावयास खोगीर आणि दोन दांडे, एवढें सांगून वेल्स चतुराईनें थांबतात. यंत्र चालतें कशानें, याचा उच्चार नाहीं. त्याऐवजीं कालप्रवासी मित्रांना पटवितो कीं, लांबी, रुंदी व जाडी यांप्रमाणें काल ही चौथी मिति होय. मग तींत हिंडतां कां येऊं नये? आइन्स्टाइन यांचा सापेक्षतासिद्धान्त १९०५ सालचा, आणि मिंकोव्स्की यांनीं देश व काल एकत्र गुंफले ते १९०८ सालीं. त्यापूर्वीं हें लिहिलें गेलें याचें कौतुक वाटतें. पण मिंकोव्स्कींच्या गणितांत कालाचें चिन्ह इतर तिन्ही मितींच्या उलट येतें. घरांतून अंगणांत यावें आणि पुनः घरांत जावें, तसें काळांत करतां येतेंच असें नाहीं.

पुढची वाट मात्र मोकळी आहे. प्रकाशाच्या शेंकडा ९९.५ वेगानें जाणाऱ्या यानांत एक वर्ष गेलें, तर पृथ्वीवर सुमारें दहा जातील. १९७१ सालीं हाफेले व कीटिंग यांनीं आण्विक घड्याळें विमानांतून पृथ्वीभोंवतीं फिरविलीं, तेव्हां पूर्वेकडून गेलेलीं घड्याळें जमिनीवरील घड्याळांहून सुमारें ५९ अब्जांश सेकंद मागें पडलीं. प्रवास क्षुद्र खरा, पण तो भविष्याकडेच झाला! तेव्हां इ. स. ८,०२,७०१ पर्यंत पोंचणें सिद्धान्ताला सोडून नाहीं. तितकी शक्ति कोठून आणावयाची हा प्रश्न वेगळा, आणि तो लहान नव्हे.

अडतें तें परतीला. १९८८ सालीं किप थॉर्न व त्यांचे सहकारी यांनीं अवकाशांतील भुयारांतून मागें जाण्याची कल्पना मांडली. परंतु भुयार उघडें राखण्यास ऋण ऊर्जा लागते, आणि भुयार होण्यापूर्वींच्या काळांत त्यांतून जातां येतच नाहीं. १९९२ सालीं हॉकिंग यांनीं तर निसर्गनियमच असें यंत्र होऊं देत नसावेत, असा तर्क केला.

येथें रेवतीच्या पित्याची कथा आठवते. कन्येसाठीं वर विचारण्यास ककुद्मी राजा ब्रह्मलोकीं गेला, गायन चाललें होतें म्हणून क्षणभर थांबला, तों इकडे पृथ्वीवर युगें लोटलीं. पुराणांत सापेक्षतावाद शोधणाऱ्यांच्या पंक्तीला आम्ही बसत नाहीं. पण कथेची कठोरता पाहावी. जे वर त्याच्या मनांत होते ते तर नाहींतच, त्यांचे नातूपणतूहि उरले नाहींत. आणि त्याला आपला काळ पुनः मिळत नाहीं.

वेल्सना असा एकेरी प्रवास परवडला नसता. प्रवासी परतला नाहीं तर गोष्ट सांगणार कोण? वीनानें त्याच्या खिशांत घातलेलीं तीं दोन पांढरीं फुलें दाखविणार कोण? शास्त्राला जी वाट दिसत नाहीं, तिच्यावरच कथेची सारी साक्ष उभी आहे. लेखकालाहि ही टोचणी असावी, असा आमचा संशय आहे. कारण दुसऱ्या खेपेस निघालेला प्रवासी तीन वर्षें झालीं तरी परत आलेला नाहीं, असें शेवटीं कळतें. ही दुसरी खेपच आम्हांस पहिलीहून अधिक खरी वाटते.